न जन्मलेल्या कुसाबाईचा दहावा

१

कुसाबाईच्या दहाव्याला तिघी जणी निघाल्या तेव्हा त्यांच्याजवळ तिच्या दिरासाठी टॉवेल-टोपी होती, जावेसाठी साडी होती, फक्त पत्ता नव्हता. लासलगावजवळची वस्ती, एवढंच काय ते ठाऊक. पण दहाव्याला पत्ता लागतो कशाला? रस्त्याला पांढऱ्या टोप्या दिसल्या की त्यांच्या मागे चालायचं, हे कोणीही सांगेल.

त्या सकाळी एकही टोपी कुठे चाललेली नव्हती. तिघी या वस्तीवरून त्या वस्तीवर हिंडल्या. किराणा दुकानात विचारलं, पिठाच्या गिरणीत विचारलं, शेवटी बाजार समितीबाहेर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती तिथे येऊन विचारलं. एक ट्रॅक्टरवाला स्टेअरिंगवर हात टाकून बसला होता. तो म्हणाला, “कुसाबाई? या अंगाला एवढ्यात कोणी मेलंच नाय, ताई. मेलं अस्तं तर आपल्याला बुंदी भेटली अस्ती.” मागचे दोघे-तिघे खो खो हसले.

तिघींतली वैष्णवी हसणाऱ्यांकडे बघतच राहिली. विंचूरची ही तरणी सून. कुसाबाई गेल्याचं कळल्यापासून तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं, आणि गंमत म्हणजे कुसाबाईला तिने कधी पाहिलेलं नव्हतं. कोणीच पाहिलेलं नव्हतं. ‘ओंजळ’ हा फेसबुकवरचा एक बंद गट. नाशिक जिल्ह्यातल्या, तान्हं बाळ गमावलेल्या बायकांचा. घरात ज्या बाळाचं नावही काढायची चोरी, त्याच्याबद्दल या बायका तिथे लिहायच्या. कुसाबाई त्यांतलीच एक, आणि सगळ्यांची लाडकी. ती गेल्याचं तिच्याच खात्यावरून दिराने कळवलं होतं: वहिनी वारली, दहावा घरीच आहे.

वैष्णवीने उभ्या उभ्या त्या खात्यावर लिहिलं, “आमी आलोय. घर कुठं हाय?”

संदेश पोचला. कोणीतरी तो वाचलाही. उत्तर आलं नाही, आणि बघता बघता मेलेल्या कुसाबाईचं खातंच नाहीसं झालं.

२

नाशिकमधल्या एका महाविद्यालयाची नीतिसमिती त्या आठवड्यात बसली होती. अशा समितीत एक बाहेरचा माणूस लागतो. तो काही करत नसला तरी फोटोत बरा दिसतो. इथे तो माणूस म्हणजे सगुणाताई बोरस्ते. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक म्हणून त्यांनी उभं आयुष्य नवऱ्यांचं खोटं आणि बायकांचं खोटं ऐकण्यात घालवलं होतं. निवृत्तीनंतर दोन्हींची आठवण यायची म्हणून त्या समितीत आल्या होत्या.

विषय होता ‘ओंजळ’चाच. समाजशास्त्राचे डॉ. शेखर अमृतकर यांना या गटावर संशोधन करायचं होतं, आणि असल्या ऑनलाइन गटाचा अभ्यास कोणत्या नियमांनी करावा हे समितीने ठरवायचं होतं.

“बायकांना विचारलंत का?” सगुणाताईंनी विचारलं.

“गटाच्या प्रमुख वेदिका मॅडमनी परवानगी दिलीय की. त्यांनी मला आत घेतलं, मी सगळं वाचून जमवलंय,” शेखरसर म्हणाले. नियम व्हायच्या आधीच सगळं जमवून झालेलं होतं, आणि हे सांगताना त्यांचा आवाज जरासुद्धा खाली आला नाही. “शिवाय आम्ही माणसाचं वेशांतर करतो. गाव बदलायचं, पीक बदलायचं, वय-नातं बदलायचं. आईलासुद्धा पोटची लेक ओळखू येणार नाही! वेदिका मॅडमच्या घरी जाऊन मी त्यांना एक नमुना वाचून दाखवला, तर त्यांचे डोळे भरून आले.”

“कशाने?”

“पद्धतीने,” शेखरसर म्हणाले. “नमुना म्हणजे माझ्या या विद्यार्थ्याने घेतलेली एक मुलाखत. मनोज भोये. हरसूलकडचा आहे. होतकरू.”

कोपऱ्यात बसलेल्या मनोजने मान खाली घातली. कौतुकाने लाजला, असं सगळ्यांना वाटलं.

तेवढ्यात दार उघडून वैष्णवी आत आली. शिपाई मागून ओरडत होता, पण ती थांबली नाही. कॉलेजचे सर गटावर अभ्यास करणार असं वेदिकाने मागे कळवलं होतं, म्हणून ती इथे आली होती. टॉवेल-टोपीची पिशवी तिने टेबलावर ठेवली आणि लासलगावला काय झालं ते सांगितलं. “तुमी शिकलेली माणसं,” ती म्हणाली, “कुसाबाई नव्हतीच तर मग ती कोण व्हती, तेवढं शोधून द्या.”

शेखरसर खुर्चीतून अर्धे उठले. “कुसाबाई गेल्या? अहो, माझ्या सगळ्या जमवाजमवीत तेवढीच एक बाई बोलत होती! मी टेप घेऊन लासलगावला जाणार होतो. तारीख द्या, तारीख द्या म्हणून वेदिका मॅडमच्या मागे लागलो होतो.”

माणूस मेल्याची बातमी ऐकून एवढा स्वार्थी हळहळणारा सगुणाताईंनी न्यायालयातही फार पाहिला नव्हता. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. गटात कोणीतरी खोटी बाई घुसवली आहे आणि त्या कोणीतरीचा या अभ्यासाशी संबंध असू शकतो, हे त्यांनाही कळत होतं. नियम थांबले, आणि शोध सगुणाताईंच्या गळ्यात पडला.

३

सगुणाताईंनी वैष्णवीला कॅन्टीनमध्ये नेलं. तिच्यासमोर वडापाव ठेवला. तो तसाच राहिला.

“ताई, मला दुसरं काय नको,” वैष्णवी म्हणाली. “तिला कोणी लिवलं, का लिवलं, त्याच्याशी मला घेणं नाय. तिच्या लेकराचं ती जे म्हणली, ते खरं व्हतं का, एवढंच पायजे.”

“काय म्हणाली होती?”

वैष्णवीने आजूबाजूला पाहिलं. मग ती पुढे झुकून बोलली, आणि बोलताना तिचे हात मांडीवर एकमेकांना पिळत होते. “माझं लेकरू झोपंत गेलं, असं घरी समद्यांना म्हायती. झोपंतच गेलं. पण माझ्या झोपंत. पाजता पाजता डोळा लागला माझा. जाग आली तवा ते माझ्या अंगाखाली व्हतं. नवऱ्याला नाय म्हायती. सासू अजून माझ्या डोक्यावरून हात फिरवती. तो हात डोक्यावर आला की मला वाटतं, आता मरावं.”

सगुणाताईंनी तिचा हात धरला. समुपदेशकाने असं करू नये म्हणतात. न करायला माणूस दगडाचा लागतो.

“हे तू कुसाबाईला सांगितलंस?”

“तिनं मला आधी सांगितलं! मी एकदा ‘ओंजळ’मधी लिवलं व्हतं, पण ते कुणाला दिसलंच नाय. तिथं आधी वेदिकाताई वाचत्यात, मग मंजूर करत्यात. त्यांनी केलं नाय. बरंच झालं, माझ्या नणंदा बी हायत त्या गटात. मग थोड्या दिसांनी कुसाबाईचा मला एकटीला मेसेज आला. ‘माझं लेकरू माझ्याच अंगाखाली गेलं, बाई. कुणाला सांगितलं नाय. तुला सांगते.’ म्हणलं, देवानंच धाडली. जगात आपल्यावाणी दुसरी हाय म्हणल्यावर मी जेवाया लागले, ताई. खरं सांगते, तवापासून जेवाया लागले.”

सगुणाताईंना कुठेतरी खुपलं. पण समोरची बाई रडायला लागली होती, आणि ते खुपणं तसंच मागे राहिलं.

डोळे पुसून वैष्णवीने मोबाइलमध्ये जपून ठेवलेली कुसाबाईची पोस्ट दाखवली. सगळ्या गटाला पाठ झालेली. ‘उन्हाळ्यात राब भाजायचा, पाऊस आला की रोप टाकायचं, मग कांद्याची लागण. राब भाजताना धुरात रडून घ्यावं. धुरात रडणाऱ्या बाईला कोणी काही विचारत नाही.’

“राब म्हणजे काय गं?”

“मला बी नाय म्हायती. आमच्याकडं कांद्याचं रोप वाफ्यात टाकत्यात. भाजत बिजत नाय. म्हणलं, आसंल तिच्या वस्तीवर तशी रीत.”

विंचूर आणि लासलगावात अंतर ते कितीसं! विंचूरचा कांदा वाफ्यात वाढतो आणि लासलगावचा राखेत, असं कसं होईल?

४

वेदिका गंगापूर रोडला एका नीटनेटक्या फ्लॅटमध्ये राहायची. जन्म नाशिक शहरातला, नवरा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. दिवाणखान्यात काचेच्या पेटीत लोकरीचे चिमुकले मोजे ठेवलेले होते. ‘ओंजळ’ तिनेच सुरू केली होती, स्वतःचं बाळ जन्मताच गेल्यावर.

“प्रत्येकीला आत घ्यायच्या आधी मी फोनवर बोलते,” तिने सांगितलं. “कुसाबाईशीही बोलले. गावाकडचा गोड आवाज होता हो. ती येण्याआधी गटात नुसत्या फुलांची चित्रं आणि सुविचार! कोणी मनातलं बोलेल तर शपथ. ती आली आणि बायकांना वाचा फुटली.” बोलता बोलता ती हमसून रडायला लागली.

सगुणाताई निरखून बघत होत्या. फोनबद्दल बोलताना या बाईची नजर मोज्यांकडे गेली, म्हणजे फोन झालाच नसावा. पण रडणं मात्र अस्सल होतं. खोटी साक्ष आणि खरे डोळे, असं त्रांगडं त्यांना आवडत नसे.

तिथून त्या मनोजकडे गेल्या. तो विभागाच्या खोलीत टेप ऐकून लिहून काढत बसला होता. मितभाषी, इस्त्रीचा शर्ट, वाक्य तोलूनमापून बोलणारा.

“राब म्हणजे काय रे?”

“फांद्या, पालापाचोळा, शेण जमिनीवर पसरून जाळतात, मॅडम. त्या भाजलेल्या जागेत भाताचं बी पेरायचं, नागलीचं पेरायचं. आमच्या डोंगरात करतात.”

“आणि कांद्याचं?”

“कांद्याला कोण राब भाजेल?” मनोज हसला.

सगुणाताईंनी कुसाबाईची पोस्ट त्याच्यापुढे धरली. त्याने वाचली. हसू गेलं. पुन्हा वाचली, या खेपेला ओठ हलत होते, जणू तो कोणाचा तरी आवाज ऐकत होता. मग त्याने टेपचं यंत्र बंद केलं.

“ओळखीचं वाटतंय?”

“नाही.”

इतकं ठिसूळ खोटं सगुणाताईंनी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. त्या पुढे काही विचारणार, तोच दारातून आवाज आला. “डोंगरात करतात! म्हणजे हे लिहिणारा डोंगरातला!” शेखरसर केव्हापासून उभे होते कोण जाणे. त्यांच्या चेहऱ्यावर गणित सुटल्याचा आनंद होता.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी समिती तातडीने बसली. डोंगरातला मुलगा दोषी ठरतोय म्हटल्यावर सगळ्यांनाच कसं हायसं वाटलं होतं. शेखरसरांनी तळमळीने भाषण केलं. विद्यार्थ्यावर किती विश्वास टाकला, त्याने गुरूला कसं तोंडघशी पाडलं, वगैरे. आपली जमवाजमव आणि आपलं नाव वाचवायला मुलगा द्यावा लागला तर त्यांची ना नव्हती.

“मनोज, तुला काय म्हणायचंय?” अध्यक्षांनी विचारलं.

“मी लिहिलेलं नाही.”

“मग हे राबाचं कुठून आलं?”

मनोज गप्प.

“तुझी नोंदणी रद्द होईल. शिष्यवृत्ती परत द्यावी लागेल.”

“करा, सर,” मनोज म्हणाला. “पण मी यापुढे काही बोलणार नाही.”

सगुणाताईंनी त्याच्याकडे पाहिलं. चोरी पकडली गेली की माणूस चिडतो, रडतो, दुसऱ्याचं नाव घेतो. हा मुलगा यांतलं काहीच करत नव्हता. दारात आडवं पडून कोणालातरी आत जाऊ देत नसल्यासारखा तो बसून होता. आत कोण होतं?

“ठराव लिहून घ्या,” अध्यक्ष म्हणाले.

“लिहू नका,” सगुणाताई म्हणाल्या. “हा नाही. उद्या वेदिकाबाईंना बोलवा. कुसाबाई कोण ते मला कळलंय.”

६

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीला वेदिका आली, शेखरसर आले, मनोज आला. वैष्णवीला बोलवावं असं कोणाला सुचलं नाही.

“शब्द डोंगरातल्या बाईचे आहेत,” सगुणाताईंनी सुरुवात केली. “पण लिहिणारा हात डोंगरातला नाही. मनोजला झोपेतून उठवून विचारलं तरी तो कांद्याचा राब लिहिणार नाही. कोणीतरी भात काढून तिथे कांदा घातला, हरसूल काढून लासलगाव घातलं. राब तेवढा राहून गेला, कारण राब म्हणजे काय हे त्या माणसाला माहीतच नव्हतं. गाव बदलायचं, पीक बदलायचं. हे कोण करतं, सर?”

शेखरसरांचा चेहरा पांढरा पडत गेला. “तो... माझा नमुना.”

“तुमचाच. आणि कुसाबाई गटात तेच बोलली तेव्हा तुम्हाला ती ओळखू आली नाही! उलट मी काल मागवून वाचलेल्या तुमच्या नव्या लेखात तिला तुम्ही सटाण्याची डाळिंबवाली केलीत. एका बाईला तुम्ही दोनदा वेश घातलेत. एकदाही तिचं ऐकलं नाहीत.”

“म्हणजे सरांनीच...” अध्यक्षांना घाम फुटला.

“सरांनी नाही. जो बाहुली नाचवतो तो तिची मुलाखत घ्यायला तारीख मागत बसत नाही. त्यांना ती खरी वाटत होती. पण तो नमुना आणखी एका व्यक्तीने ऐकला होता. ऐकताना तिचे डोळे भरून आले होते, आणि सर म्हणतात तसे ते पद्धतीने आले नव्हते.”

वेदिका शांत बसून होती. “ऐकला म्हणून मी लिहिलं असं कसं ठरतं?”

“एका मुलीने गटात काहीतरी लिहिलं होतं. काय, ते मी इथे सांगणार नाही. तुम्ही ते अडवून धरलंत, म्हणजे जगात ते तुम्ही एकटीने वाचलंत. थोड्याच दिवसांत कुसाबाईने त्या मुलीला नेमकं त्याचंच उत्तर पाठवलं. मुलीला वाटलं, देवाने धाडलं. देव एवढ्या तत्परतेने उत्तरं देत असता तर, वेदिकाबाई, मला न्यायालयात कामच उरलं नसतं.”

मग वेदिकाने पर्समधून रुमाल काढला, पण तो नुसता हातात धरून ठेवला.

“ती पोस्ट वाचली आणि मला कळेना काय लिहावं,” ती म्हणाली. “माझं बाळ तर जन्मताच गेलं. मी काय सांगणार तिला? सरांची ती बाई आठवली. खातं उघडलं आणि एक ओळ पाठवली. तेवढंच करणार होते. पण मग बाकीच्याही कुसाबाईशी बोलायला लागल्या. माझ्याशी कधी तसं बोलल्या नव्हत्या.”

“मग तिला मारलीत कशाला?”

“सर टेप घेऊन येणार म्हणत होते. पळवाट दिसेना.” ती थांबली. पुढचं बोलताना तिचा आवाज एकदम हलका झाला, आणि अंगावर काटा आला तो त्या हलकेपणाने. “ती मेल्याचं लिहिलं आणि सगळ्या रडायला लागल्या. मी रोज वाचत बसायचे. रोज! माझ्या बाळासाठी कोणी रडलं नव्हतं. दवाखान्यातच सगळे म्हणाले, होईल दुसरं. आता एवढ्या बायका रडत होत्या, आणि त्या माझ्यामुळे रडत होत्या. त्या दहाव्याला निघाल्यात हेही मला माहीत होतं. थांबवू शकले असते. नाही थांबवलं. मला बघायचं होतं, कोण कोण जातंय.”

शेखरसरांनी वही ओढून घेतली आणि ते भराभर काहीतरी टिपायला लागले. अध्यक्षांनी त्यांना हटकलं नाही. सगुणाताईंना त्या दोघांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि ती दिली नाही याचं त्यांना पुढे कैक दिवस वाईट वाटत राहिलं.

७

सगळे पांगल्यावर मनोज व्हरांड्यात थांबला होता.

“नमुन्यातली बाई कोण, हे तुम्ही मला विचारलं नाही, मॅडम.”

“विचारायचं नसतं म्हणून.”

“ती माझी आई आहे. मंगलाबाई.” मनोज कठड्याकडे बघत बोलत होता. “मी थोरला नाही. माझ्याआधी एक होता. बाबाला वाटतं त्याला ताप होता आणि आपण दवाखान्यात न्यायला उशीर केला. त्याचा दिवस आला की बाबा अजून जेवत नाही. आई त्याला वाढून देते, तो ताट सरकवतो, आणि ती गप्प बसते. इतकी वर्षं तिने त्याला ते ओझं वाहू दिलंय. ताप नव्हताच, तो झोपेत तिच्या अंगाखाली गेला, हे एकदा राब भाजताना ती मला बोलली. तिने लेकाला सांगितलं. मी घरी जाऊन संशोधकासारखं लिहून काढलं. वाटलं, नाव तर नाही ना लिहीत!”

त्याला फटकारायची गरज नव्हती, ते काम तो स्वतःच चांगलं करत होता.

“अशी एक बाई खरोखर आहे, एवढंही बाहेर जायला नको, मॅडम. दहाव्यासाठी लासलगावच्या वस्त्या पालथ्या घालणाऱ्या बायका आहेत त्या. हरसूलला पोचायला त्यांना किती वेळ लागेल? आणि बाबाला कळलं तर तो म्हातारपणी काय करेल, मला सांगता येत नाही.”

“नाही जाणार. शब्द देते,” सगुणाताई म्हणाल्या. मग राहवलं नाही म्हणून पुढे म्हणाल्या, “पण आईला एकदा विचारशील? विंचूरला एक मुलगी आहे. तिचंही तसंच झालंय. फक्त फोनवर दोन शब्द बोलायचे. बाकी कोणाला कळणार नाही.”

मनोज गावाला जाऊन आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

“विचारलं. आई म्हणाली, मी असं कधी काही बोललेच नाही, तुला स्वप्न पडलं असंल. आता ती माझ्याशीही बोलत नाही. बाबा मला विचारतोय, तू आईला काय केलंस?”

८

नियम झाले. सगुणाताईंनी ते स्वतः लिहिले आणि एकही शब्द कोणाला बदलू दिला नाही. प्रत्येक बाईला विचारल्याशिवाय तिचं वाक्य घ्यायचं नाही. गटप्रमुखाने दिलेली परवानगी ही बायकांची परवानगी नव्हे. माहिती कोणी दिली, इतकंच नव्हे, तर तशी कोणी आहे की नाही हेदेखील कोणाला कळता कामा नये. आणि गटातल्या कोणत्याही बाईशी, कोणत्याही कारणाने, कोणीही खोटं बोलायचं नाही. समिती धरून.

वेदिकाला कायद्याने काही होण्यासारखं नव्हतं. न जन्मलेल्या बाईचा खून कोणत्या कलमात बसवणार? समितीने नमुन्याचं तेवढं वगळून घडलेलं बायकांना कळवलं, वेदिका एक शेवटची पोस्ट लिहून गटातून बाहेर पडली, आणि ‘ओंजळ’मध्ये पुन्हा फुलांची चित्रं सुरू झाली. शेखरसरांनी नवा प्रस्ताव दिला, अशा फसवणुकीनंतरच्या शोकावर. नव्या नियमांत तो चोख बसत होता. मनोजने पीएच. डी. सोडली. अडवायला कोणी गेलं नाही.

मग एका दुपारी वैष्णवी सगुणाताईंच्या घरी आली. आणखी वाळली होती. पाण्याचा पेला तिने दोन्ही हातांनी धरला.

“वेदिकाताईंचं समदं वाचलं मी,” ती म्हणाली. “त्यांना काय बोलले नाय. ज्याचं त्याच्यापाशी. पण त्या म्हणत्यात, ते लेकराचं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलेलं. म्हंजे ते कुणाचं तरी खरं असणार ना? ताई, मला नाव नको. गाव नको. अशी एक बाई हाय, एवढंच म्हणा. मी शोधाया नाय जायची. तुमची आन.”

सगुणाताईंना माहीत होतं, ती शोधायला जाईल. आजच जाणार नाही. सासूचा हात डोक्यावर फिरेल त्या दिवशी निघेल, राब कुठे भाजतात ते विचारत विचारत. आणि तिकडे डोंगरात एक म्हातारा अजूनही दर वर्षी ताट सरकवत होता.

खोटं कसं बोलावं हे त्या इतरांकडून पुरेपूर शिकल्या होत्या. थांबायचं नाही, नजर हलवायची नाही.

“नाही गं,” त्या म्हणाल्या. “अशी कोणी नाही. सगळं रचलेलं होतं.”

वैष्णवी रडेल असं त्यांना वाटलं होतं. ती रडली नाही. तिने नुसती मान हलवली, डॉक्टरने सांगितलेलं कळल्यावर माणूस हलवतो तशी.

“म्हंजे असं करणारी मी एकटीच.”

“असं नाही म्हणायचं, वैष्णवी. ऐक...”

“नाय, बरं झालं. उगंच आशेवर व्हते.” तिने पेला खाली ठेवला. पाणी प्यालेलं नव्हतं. दारापाशी जाऊन चप्पल घालता घालता तिने विचारलं, “तुमी नियम केले म्हणं, ताई?”

“हो.”

“कशासाठी?”

“तुमच्याशी पुन्हा कोणी खोटं बोलू नये म्हणून.”

“लय चांगलं केलं,” वैष्णवी म्हणाली, अगदी मनापासून म्हणाली, आणि वाकून सगुणाताईंच्या पाया पडून विंचूरच्या बसला निघून गेली.